वहीत नसलेली पेंढी

"शेलारांच्या घरातून यंदा कोणी नाही," गमलिएल पंच म्हणाले आणि त्यांनी वही मिटायला घेतली.

"आहे," मी म्हणाले.

पंचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारची उपासना नुकतीच सुटली होती. पोरं झावळ्यांच्या तलवारी करून चर्चच्या अंगणात लढत होती, बायका आपापल्या चपला शोधत होत्या, आणि पंच दाराशी टेबल टाकून ईस्टरच्या पेंढ्यांची यादी करत बसले होते.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"माझा मुलगा."

बायकांचं चपला शोधणं थांबलं. माझ्या सासूबाईंनी, कौसाबाई नाव त्यांचं पण मी आत्याबाई म्हणायची, मागून माझा पदर ओढला. एवढ्या जोरात की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. मी जागची हलले नाही. मी हट्टी आहे हे तेव्हाही सगळ्या पिंपळसोंडीला माहीत होतं आणि आजही आहे.

"सूनबाई," पंच आवाज उतरवून म्हणाले, "त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. नाव ठेवलं नव्हतं. पुरलाही कबरस्तानात नाही, तुमच्या बांधावर. दफनाच्या वहीत मी लिहू तरी काय?"

"मुलगा होता, असं लिहा."

"असं लिहिता येत नाही, बाळ."

आणि त्यांनी वही मिटली. माणूस वाईट नव्हता हो. माझ्या लग्नात त्यांनीच उभं राहून पाहुण्यांना वाढलं होतं. पण वही हातात आली की त्यांच्यातला माणूस उठून जायचा आणि नुसते पंच उरायचे.

आता ही पेंढीची भानगड सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, गव्हाच्या एका जुडीसाठी ही बाई एवढी का पेटली. आमच्या गावात पन्नासेक ख्रिस्ती घरं. त्यांच्यात आजे-पणज्यांपासून एक रीत. ईस्टर होईपर्यंत नवा गहू कोणी दळायचा नाही. कोणाच्या चुलीवरून नव्या पोळीचा वास आलाच, तर शेजारीण दारात येऊन मुद्दाम विचारायची, "काय गं, आज पाहुणे का?" ईस्टर एप्रिलात गेला की पुरुष कुरकुरायचे, पण गिरणीकडे कोणी फिरकायचं नाही. गव्हाची कापणी झाली तरी प्रत्येक जण शेताच्या कोपऱ्यात हातभर तुकडा उभा ठेवायचा.

आणि ज्या घरातून त्या वर्षात माणूस गेलं असेल, त्या घरानं उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सकाळी त्या उभ्या गव्हातली एक जुडी बांधायची. कशानं, तर गेलेल्या माणसाच्या कपड्याची चिंधी फाडून. कापायची नाही, नुसती बांधायची. शुक्रवार गेला, शनिवार गेला, ती तशीच उभी. रविवारी तांबडं फुटताना कापायची आणि चर्चमध्ये न्यायची. पाळकसाहेब वहीतून गेलेल्या माणसाचं नाव वाचतात, पेंढी हातात घेऊन वेदीपुढे ओवाळतात, आणि सगळी मंडळी एका आवाजात म्हणते, "उठेल!"

लग्न होऊन आले त्या वर्षी मी तो "उठेल" पहिल्यांदा ऐकला. संगमनेरच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकलेली मुलगी मी, पुष्कळ उपासना बघितलेल्या. पण असं काही बघितलं नव्हतं. अंगावर सरसरून काटा आला. हे कशासाठी करतात म्हणून आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "करत्यात म्हनून करत्यात. बोर्डिंगवाल्यांना समदं इचारावंच लागतं का?"

मला माझ्या पोरासाठी तो एक शब्द हवा होता. दुसरं काही मागणं नव्हतं.

पोर कार्तिकात झालं. गव्हाला पहिलं पाणी चालू होतं. दोन दिवस जगलं. सुईणीनं पाय धरून हलवलं, पाठीवर थापट्या मारल्या, शेक दिला, सगळं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला पाजायला घेतलं तर ते गार. मालकांनी माझ्या हातातून त्याला घेतलं, धोतराच्या धुवट तुकड्यात गुंडाळलं, आणि खांद्यावर फावडं टाकून शेताकडे गेले. तासाभरानं परत आले. हातपाय धुतले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गव्हाला पाणी द्यायला गेले.

त्या दिवसापासून त्यांनी पोराचं नाव काढलं नाही. नाव म्हणजे काय, विषयच काढला नाही. मी रडले की उठून गोठ्यात जायचे. बैलांशी बोलायचे, माझ्याशी नाही. मी म्हटलं, दगडाशी लग्न केलंय मी. उपवासाचे चाळीस दिवस लागले तेव्हा मंडळीत कोणी साखर सोडली, कोणी चहा सोडला. मी मालकांशी बोलणं सोडलं. त्यांना फरक पडलेला काही दिसला नाही.

तर त्या झावळ्यांच्या रविवारी घरी आल्यावर आत्याबाईंनी तोंड सोडलं.

"चारचौघांत पंचांना उलटं बोलतीस! दोन दिसाचं पोर. त्याची कसली पेंढी?"

"दोन दिवसांचं का होईना, माणूस होतं ना?"

"हुईल दुसरं. तरणीताठी हायेस."

"मी दुसऱ्याचं विचारत नाहीये, आत्याबाई."

मालक उंबऱ्यात बसून दोरीला पीळ देत होते. मी मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या घरात कोणाला त्याची पडलेलीच नाही." त्यांचे हात क्षणभर थांबले. मग पुन्हा पीळ द्यायला लागले. मला असा संताप आला म्हणून सांगू!

पंचांच्या वर कोण, तर पाळकसाहेब. गुरुवारी मी बनसोडे पाळकांच्या घरी गेले. माणूस तरुण, पुण्याहून शिकून आलेला, गावात येऊन सहा महिनेही झाले नव्हते. अंगणात सायकल उलटी करून पंक्चर काढत बसले होते.

"सलाम, पाळकसाहेब."

"सलाम, लुदियाबाई. या, बसा."

"बसायला नाही आले, विचारायला आले. ही पेंढी कशासाठी असते?"

त्यांचा चेहरा उजळला. हातातली ट्यूब तशीच लोंबत राहिली. "या गावात आल्यापासून हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. अहो, तुमच्या पूर्वजांनी काय जपून ठेवलंय, तुम्हाला कल्पना नाही! इस्राएल लोकांचे सण सगळे शेतातून निघालेले. वल्हांडण सणाच्या आठवड्यात त्यांच्याकडे सातू पिकायचा. मग पन्नास दिवसांनी गहू, त्याच्या दोन भाकरी करून देवापुढे आणायच्या. आणि शेवटी द्राक्षं, अंजिरं घरात आली की मांडवांचा सण. पण सगळ्यांच्या आधी सातूची पहिली पेंढी. ती याजकाच्या हातात पडेपर्यंत नव्या दाण्याला कोणी तोंड लावायचं नाही."

"म्हणजे आमच्यासारखंच की."

"तुम्ही त्यांच्यासारखं. आणि ती पेंढी ओवाळायची कधी? शनिवारी त्यांचा शब्बाथ, त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे वार कोणता?"

"रविवार."

"आणि आपला प्रभू कबरेतून कोणत्या वारी उठला?"

"रविवारी," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझं मलाच थरारून आलं.

"तेच तर!" पाळकसाहेब ट्यूब झटकत म्हणाले. "म्हणून बायबलात पौल त्याला मेलेल्यांतलं पहिलं फळ म्हणतो. पहिली पेंढी म्हणजे एकटी जुडी नव्हे, लुदियाबाई. ती मागच्या सगळ्या शेताच्या वतीनं येते. मालकानं ती हातात घेतली, म्हणजे सगळं शेत आपलं म्हटलं. प्रभू उठला, म्हणजे मागचे सगळे उठणार."

"सगळे?"

"सगळे!"

"सगळं शेत? का वहीत चढवलेल्या ओंब्याच तेवढ्या?"

पाळकसाहेबांनी ट्यूब खाली ठेवली. त्यांना आता कळलं मी कशाला आले ते. पंचांनी त्यांच्या कानावर घातलेलं असणारच.

"तुम्ही फार अवघड विचारता," ते म्हणाले.

"अवघड कुठं? साधंच विचारलं. आमच्या बांधालगतच्या ओंब्या जरा खुरट्या राहिल्यात. त्या शेतात धरायच्या की नाहीत?"

त्यांचे कान लाल झाले. "हे बघा, मी नवीन आहे. गमलिएल पाटोळे पंच पंचवीस वर्षं ही वही सांभाळतात. यंदा त्यांच्या स्वतःच्या आईची पेंढी आहे. त्यांना डावलून मी काही केलं तर मंडळीत दोन तट पडतील. आणि समजा, धरून चाला, मी वाचायचं ठरवलं. वाचू काय? बाळाचं नाव काय होतं?"

सगळ्याला उत्तर घेऊन गेले होते, याला नव्हतं. आमच्यात बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमध्ये नाव उच्चारतात. तोवर घरातही बाळ नुसतं बाळ. आणि शेलारांच्या घरात थोरल्या मुलाचं नाव बाप ठरवतो, आईलासुद्धा आधी सांगत नाही. तेव्हा मला नावच माहीत नव्हतं. मालकांनी ते ठरवलं होतं की नाही हेही माहीत नव्हतं.

"नव्हतं," मी म्हणाले.

"मग नावाशिवाय मी हाक कशी मारू?" त्यांनी हे टोचून नाही, खरोखर विचारलं. त्यांच्या बायकोनं चहा आणला होता. मी तो न घेताच निघाले. रस्त्यानं पदर तोंडात धरून रडले, आणि घर आल्यावर डोळे पुसून भाकरी थापायला बसले. पण मागे सरायचं नाही हे माझं ठरलेलं होतं.

शुक्रवारी सकाळी झबलं घेऊन शेतात गेले. पिवळ्या फडक्याचं, माझ्या हातानं शिवलेलं. दोनच दिवस अंगावर पडलेलं. आमचा उभा ठेवलेला गव्हाचा तुकडा बांधालगतच होता, पोराला जिथं ठेवलं तिथून चार पावलांवर. मी झबल्याची शिवण दातानं उसवत होते, एवढ्यात मागून आवाज आला.

"चांगलं कोरं झबलं फाडतीस व्हय? आण इकडं. दुसऱ्याला हुईल."

आत्याबाई धापा टाकत बांधावरून येत होत्या.

"दुसऱ्याला दुसरं शिवीन," मी म्हणाले आणि टर्रकन फाडलं.

चार बोटं रुंदीची चिंधी निघाली. मी मूठभर ओंब्या एकत्र धरल्या आणि बांधल्या. मला वाटलं, म्हातारी आता सोडून टाकते की काय. पण ती मटकन बांधावर बसली. किती तरी वेळ त्या चिंधीकडे बघत राहिली.

"माझी तीन हायेत," त्या म्हणाल्या.

"काय तीन?"

"ह्या एल्याच्या, तुझ्या नवऱ्याच्या आधीची. एक रडलंबी न्हाई. एक आठ दिस ऱ्हायलं. तिसरी पोरगी, सव्वा म्हयन्याची व्हती. हसाया लागली व्हती माझ्याकडं बघून." त्यांनी पलीकडच्या आंब्याकडे हात केला. "समदी तिकडं. म्या सासूला इचारलं, पेंढी बांधू का? तर म्हनली, दाना न भरलेल्या ओंबीची कुठं पेंढी असती का. म्या गप बसले. चाळीस वरसं झाली."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. लग्नाला तीन वर्षं झाली होती, ही बाई मला पोळी लाटण्यापासून बसण्या-उठण्यापर्यंत सगळ्यावरून बोलली होती, आणि हे कधी बोलली नव्हती.

"मग आत्याबाई, तुम्हीच मला का अडवता?"

"मला न्हाई बांधू दिली अन् तू बांधतीस, म्हनून!" त्या एकदम ओरडल्या. ओरडल्या आणि स्वतःच दचकल्या. मग डोळ्याला पदर लावून हुंदके द्यायला लागल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे कळेना. शेवटी ठेवला.

"तुम्हीही बांधा," मी म्हणाले.

"गप. ह्या वयात? गाव हसंल." त्या उठल्या, लुगडं झटकलं. "चल. बाराची उपासना हाय. अन् कुणाफुडं बोललीस तर बघ."

रविवारी तांबडं फुटायच्या बेताला मी विळा शोधायला लागले तर तो जागेवर नव्हता. अंगणात आले. मालक दगडावर विळ्याला धार लावत बसलेले. मला बघून उठले आणि काही न बोलता शेताच्या वाटेला लागले. मी मागून. दुसऱ्या शेतांतूनही माणसं दिसत होती. प्रभातफेरीची पेटी लांबून ऐकू येत होती.

आमच्या जुडीशी आम्ही दोघं उभे राहिलो. माझी पिवळी चिंधी होती तशी होती. आणि तिच्या खाली, त्याच जुडीला, आणखी तीन चिंध्या बांधलेल्या. हिरव्या लुगड्याच्या, धुऊन धुऊन पांढुरक्या पडलेल्या.

"ह्या कोणाच्या?" मालकांनी विचारलं.

"घरच्याच आहेत," मी म्हणाले. चाळीस दिवसांतलं आमचं पहिलं धड बोलणं ते. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांनी जुडी धरली, मी कापली. कापून झाली तरी त्यांनी ती लगेच सोडली नाही. मला वाटलं, दाणे सांडतील म्हणून.

चर्च गच्च भरलं होतं. डावीकडे सतरंजीवर बायका, उजवीकडे पुरुष. आत्याबाई म्हाताऱ्यांच्या रांगेत पुढे बसल्या होत्या. मी पेंढी पदराखाली घेऊन मागे बसले. पाळकसाहेबांनी म्हटलं, "प्रभू उठला आहे!" आणि मंडळीनं म्हटलं, "खरोखर उठला आहे!" गायन झालं. मग वही उघडली.

"सगुणाबाई दावीद पाटोळे. वय वर्षे त्र्याण्णव."

गमलिएल पंच आईची पेंढी घेऊन पुढे गेले. पाळकसाहेबांनी ती ओवाळली. "उठेल!" मंडळी म्हणाली. "रावजी याकोब साळवे." त्याची बायको पुढे गेली. "उठेल!" "नथानिएल मोशे साळवे." त्याचा भाऊ पुढे गेला. "उठेल!" पंचांचा आवाज नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या वर.

पाळकसाहेब वही मिटायला लागले आणि मी उभी राहिले.

माझ्या वाटेतल्या बायकांनी पाय आखडून घेतले. मी चालत वेदीपर्यंत गेले आणि पेंढी पुढे केली.

"पाळकसाहेब, वहीत नाही," पंच आपल्या जागेवरून म्हणाले. रागानं नाही. आठवण करून द्यावी तसे.

पाळकसाहेबांनी एकदा पंचांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी वही वेदीच्या कडेला ठेवून दिली आणि दोन्ही हात पुढे केले.

"पंच, ओवाळायची पेंढी असते. वही नाही," ते म्हणाले, आणि पेंढी माझ्या हातातून घेतली. मग ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "लुदियाबाई, हाक काय मारू? काहीतरी सांगा."

मी तोंड उघडलं. माझ्याजवळ काही नव्हतं. आयत्या वेळी एखादं नाव बनवून सांगावं असंही मनात आलं, पण तसलं खोटं त्या जागेवर माझ्या जिभेवर येईना. मी नुसतीच उभी राहिले, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"योना."

आवाज पुरुषांच्या बाजूनं आला. मी वळून पाहिलं. मालक उभे होते. टोपी हातात चुरगळलेली.

"योना एलिया शेलार," ते म्हणाले. "मी ठेवलं होतं नाव. त्याला मातीत ठेवताना. म्हटलं, बिननावाचं पोर मातीत कसं द्यायचं? मोठ्यानं म्हणालो होतो दोन-तीनदा. तिथं ऐकायला कोणी नव्हतं."

चार महिने मी या माणसाला दगड म्हणत होते. मला त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि त्याच क्षणी पळत जाऊन त्यांना मिठी मारावी असंही झालं. दोन्ही झालं नाही. वेदीपाशी उभी राहून रडत राहिले.

"योना एलिया शेलार!" पाळकसाहेबांनी हाक मारली आणि पेंढी ओवाळली.

वहीबाहेरच्या नावाला ओ द्यायची की नाही हे कोणालाच कळेना. सगळ्यांचे डोळे गमलिएल पंचांकडे लागले. पंच उठले. खाकरले. त्यांच्या आईची पेंढी वेदीवर होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं.

"उठेल!" ते म्हणाले, एवढ्या खणखणीत आवाजात की पोरं दचकली. आणि मग सगळं चर्च म्हणालं. माझ्या पोरासाठी. दोन दिवसांच्या.

पाळकसाहेब पेंढी वेदीवर ठेवायला वळले आणि थांबले. त्यांना चिंध्या दिसल्या होत्या.

"ही पिवळी बाळाची," ते म्हणाले. "आणि या तीन हिरव्या?"

मी मान खाली घातली. मला बोलायची बंदी होती. म्हाताऱ्यांच्या रांगेत हालचाल झाली. एका हातानं शेजारणीच्या खांद्याचा आधार घेत आत्याबाई उभ्या राहिल्या.

"त्या माझ्या," त्या म्हणाल्या. "दोन पोरं अन् एक पोरगी. नावं न्हाईत, पाळकसायेब. कुनी ठेवूच दिली न्हाईत."

या वेळी पाळकसाहेबांनी नाव विचारलं नाही. पंचांकडेही पाहिलं नाही. त्यांनी पेंढी पुन्हा उचलली, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली आणि म्हणाले, "कौसाबाईंची तिघं!"

"उठतील!" पंच म्हणाले, आणि भिंती हादरतील असा सगळा जमाव म्हणाला, "उठतील!"

आत्याबाई खाली बसल्या नाहीत. तशाच उभ्या होत्या. तेव्हा मालक आपल्या जागेवरून निघाले. आमच्या चर्चमध्ये उपासना चालू असताना पुरुषानं बायकांच्या सतरंजीवर पाय ठेवलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. ते सरळ बायकांच्या मधून आईपाशी आले आणि तिचा दंड धरून उभे राहिले. मीही वेदीपासून तिथं गेले.

"आई," ते म्हणाले, "मला भावंडं होती, हे तू कधी सांगितलं नाहीस."

आत्याबाईंनी पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"तू तरी कुठं सांगितलंस रं, योना म्हनून?"